बोटाचा डाग

"तू नाही पुसायचंस, मावशी. दुसऱ्या कुणालाही पुसू दे. तू नाही."

लेक दारातच उभी होती. दवाखान्याचा पांढरा कोट अंगात तसाच, गळ्यातलं ओळखपत्र धावण्यानं उलटं झालेलं. माझ्या एका हातात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस होता आणि समोर, खालून उजेड येणाऱ्या टेबलावर, चारशे बारा नंबरची काच.

"आधी आत ये," मी म्हटलं. "दार उघडं राहिलं की धूळ येते."

ती आत आली, पण बसली नाही.

"बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तिची काच निघाली आज."

"निघाली. कपाटं एकेक करून रिकामी करतोय आम्ही, हे शेवटचं. कधीतरी निघणारच होती."

आमच्या वेधशाळेच्या तळघरात माझी ही खोली. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत. काचेच्या एका बाजूला उजेड टिपणाऱ्या मसाल्याचा पातळ थर, त्यावर तारे काळे ठिपके होऊन उमटतात. दुसरी बाजू साधी. मोजणी करणारी माणसं या साध्या बाजूवर शाईनं गोल काढत, बाण काढत, आकडे लिहीत. अशा सात हजार काचा आमच्या कपाटांत आहेत. तीन वर्षांपूर्वी आमची लहानशी वेधशाळा एका मोठ्या संस्थेत विलीन झाली आणि वरून हुकूम आला की सगळ्या काचा यंत्रात घालून स्कॅन करा. शाई मध्ये आली तर खालचे तारे झाकले जातात. म्हणून आधी लिखाणाचा फोटो काढून ठेवायचा, मग शाई पुसायची, मग काच यंत्राकडे. पुसायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट शिकवली गेली. साध्या बाजूवर जे असेल ते माणसाचं, ते पुसलं जातं. मसाल्याच्या बाजूवर जे असेल ते आकाशाचं, त्याला हात लावायचा नाही. तीन वर्षं मी हेच करते आहे, आणि कामाला बसताना दर वेळी मनात म्हणते, देवा, माझा हात चुकीच्या बाजूला जाऊ देऊ नकोस.

लेक टेबलावर वाकली. काच चौकटीवर कडांनी टेकवलेली होती. मधोमध एका दीर्घिकेचा काळा धब्बा, आणि त्याच्या एका अंगानं निघून वळत गेलेली एक फिकट करडी रेघ. फार फिकट. ओल्या बोटानं काच पुसताना राहावी तशी. त्या रेघेवर निळ्या शाईचे टिंब टिंब, आणि शेजारी डावीकडे कललेल्या अक्षरात एक ओळ: "डाग नाही. पुसून पाहिलं. जात नाही."

ओळीवरून हात फिरल्यामुळे शाई थोडी पसरली होती.

ही तिच्या आईची ओळ. माझ्या आधी ह्यांच्या घरात आलेल्या बाईची. मी तिला थोरली म्हणते. लेक सहा वर्षांची असताना ती आजारी पडून गेली. थोरली इथंच मोजणीला होती, वरच्या मजल्यावर. मी तिला कधी पाहिलेलं नाही.

"अशीच राहू दे ना गं," लेक म्हणाली. "सात हजारांतली एक काच नाही पुसली तर काय आकाश कोसळणार आहे?"

"संस्थेतल्या मॅडमना नेमकी हीच हवी आहे. शुक्रवारी त्यांचं यंत्र परत जातंय."

"मग दुसरं कुणीतरी पुसेल."

"अगं, ओळीचा फोटो काढलाय. मोठा करून देते तुला, चौकटीत लावून."

"फोटोत हात नसतो, मावशी. मी दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटोच काढते, मला नको सांगूस." तिचा आवाज चढला. "माझ्याकडे तिच्या हातचं आहे काय? एक कात्री आणि ही ओळ. तिची जागा तर तू घेतलीसच. आता ही ओळसुद्धा तुझ्याच हातानं..."

पुढचं तिनं गिळलं. मग घड्याळाकडे पाहिलं, रांगेत माणसं बसली असतील म्हणाली आणि गेली. दार मात्र तिनं नीट, सावकाश लावून घेतलं. धुळीचं तिच्या लक्षात होतं.

माझ्या हातातला कापूस सुकून गेला होता.

*

मी या घरात आले तेव्हा मला पहिल्या दिवशी काहीच सापडेना. दिव्याचं बटण दाराच्या डाव्या अंगाला. कपांचे खिळे डावीकडे, टॉवेलची दांडी डावीकडे, मिठाची बरणी डाव्या फळीवर. कात्री घेतली तर कापेना. पात्यांची धार बोथट झाली असेल म्हणून ह्यांना दाखवली, तर हे हसले. "धार चांगली आहे. ती डावऱ्या माणसाची कात्री आहे."

थोरली डावखुरी होती. सगळं घर तिनं आपल्या हाताजोगं लावून ठेवलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बदलून टाक सगळं. घर आता तुझं आहे." मी नाही बदललं. आठ वर्षांची मुलगी अंधारात पाणी प्यायला उठायची तेव्हा तिचा हात बरोबर त्या डाव्या बटणावर जायचा. तो हात भिंतीवर चाचपडला असता, तर मला कुठल्या तोंडानं देवासमोर बसता आलं असतं?

ती मुलगी माझ्याशी बोलत नसे. सकाळी मी काही विचारलं की तिची हनुवटी थरथरायची. उत्तर द्यावं तर आईशी फितुरी, न द्यावं तर बाबा रागावतील, अशी तिची कोंडी व्हायची. म्हणून मी एक नेम धरला. पहाटे देवापुढे दिवा लावायचा आणि तो आपोआप शांत होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तेवढ्यात तिची वेणी, डबा, दप्तर सगळं होऊन जाई. वेणी घालतानाही मी गप्प, तीही गप्प. पण गप्प बसायचं ओझं तिच्यावर राहिलं नाही. ते मी घेतलं. दिवा जळत असतो तोवर मी मनातल्या मनात आभार मानते, आणि पहिले आभार थोरलीचे. तिनं घर लावून ठेवलं, मुलगी अर्धी वाढवून ठेवली, माणूस माणसाळून ठेवला. मी आयत्या बिळावर आले, असं मी हसत सांगते, पण ते खरंच आहे.

हे सगळ्यांना सांगतात, "आमच्याकडे सकाळी अर्धा तास रेडिओ बंद असतो. पुढे दिवसभर चालू."

लेकही आईवर गेलेली, डावखुरी. शाळेतल्या बाई तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या, उजव्यानं लिही म्हणायच्या. मला आवाज चढवता येत नाही, कधीच आला नाही. पण मी शाळेत गेले आणि म्हटलं, "बाई, हा हात माझा नाही. दुसरीचा आहे, मला सांभाळायला दिलाय. त्याला मारू नका." त्यानंतर पट्टी पडली नाही. त्या दिवशी घरी येताना लेक पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "मावशी, पाय दुखतायत."

आई म्हण, असं मी तिला कधी म्हटलं नाही. तो शब्द दुसरीचा होता. मला स्वतःचं मूल झालं नाही. मावशी या एका शब्दावर माझं सगळं पोट भरलं आहे.

म्हणून तर त्या दुपारचं ते अर्धं वाक्य मला जड गेलं.

*

चार वाजता मॅडम खाली आल्या. वयानं लहान आहेत, माझ्या लेकीएवढ्याच, पण आकाशाबद्दल बोलायला लागल्या की मला शाळेत बसल्यासारखं वाटतं.

"काकू, चारशे बारा झाली?"

"उद्या देते."

"उद्या नक्की हं. बघा ना, गंमत." त्यांनी फोनवर एक चित्र दाखवलं. तीच दीर्घिका, नव्या दुर्बिणीतली. तिच्या अंगानं निघालेली एक धूसर धार चित्राच्या कडेला जाऊन तुटली होती. "पुढचा भाग या फोटोत आलाच नाही. आणि मग मला या काचेचं पाकीट सापडलं. धार जिथं यायला हवी, नेमका तिथंच म्हणे बोटाचा डाग!"

पाकिटावर जुन्या साहेबांनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: "बोटाचा डाग. मोजणीबाईंचा निष्काळजीपणा. ही काच वापरू नये."

"पण ही धार आहे कसली?" मी विचारलं.

"लहान दीर्घिकेची. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात ना, तेव्हा."

"म्हणजे आदळतात?"

"म्हणतात तसं. पण तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत, काकू. मध्ये इतकी मोकळी जागा असते की एकाला दुसऱ्याचा धक्कासुद्धा लागत नाही. लहान दीर्घिका मोठीच्या ओढीनं ताणली जाते. तिच्याभोवती फेऱ्या घालता घालता उसवत जाते, स्वेटर उसवावा तशी. शेवटी ती स्वतः अशी उरत नाही. पण तिचे तारे तिच्या जुन्या वाटेनं चालतच राहतात. अब्जावधी वर्षं."

"आणि मोठीला त्याचं काय?"

"मोठी त्यांच्यामुळेच तर मोठी होते." मॅडम हसल्या. "आणि मोठीचं वजन किती ते त्या धारेवरून मोजता येतं. ती किती वळते त्यावरून. मोठीतलं जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचंसुद्धा."

मी काचेकडे पाहिलं. शाईचे ते टिंब रेघेच्या अगदी अंगावर होते. साहेबांना दिसावी म्हणून थोरलीनं रेघ टिंबांनी गिरवून दाखवली होती, आणि त्या गिरवण्यानंच ती आता झाकली गेली होती.

"शाई ठेवून नाही होणार स्कॅन?" मी विचारून पाहिलं.

"नाही हो. शाईखालचं काही मोजता येणार नाही. मग तो बोटाचा डागच राहील." त्या जायला निघाल्या, पुन्हा वळल्या. "कोण होत्या या मोजणीबाई? फार नजर होती त्यांना."

"माझ्या घरातल्याच," मी म्हटलं.

*

संध्याकाळी हे पायरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तीस वर्षं त्यांनी दुर्बिणीच्या दातेरी चाकांना तेल घातलं, आता गुडघ्यांना घालतात. त्यांचाच विनोद आहे हा.

मी शेजारी बसले. "त्या डागाचं काय झालं होतं नक्की?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"ती काच दोन रात्री मिळून सहा तास उघडी ठेवली होती. एवढी लांब दुसरी कुठली नव्हती. म्हणून तिच्यात ती रेघ आली, बाकीच्यांत नाही. थोरली साहेबांना म्हणाली, इथं काहीतरी आहे. साहेबांनी हिचं लिखाण बघितलं. डावऱ्या माणसाचा हात ओल्या शाईवरून फिरतो, हिची सगळी पानं तशीच असायची, पसरलेली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, तुमच्या हाताचे डाग आम्ही कागदावर सहन केले, आता आकाशावर नका पाडू. सगळे हसले."

"मग?"

"दोन दिवस जेवली नाही. म्हणायची, शाई पसरते माझ्या हातानं, कबूल आहे. पण काचेच्या मसाल्याच्या बाजूला मी कधी बोट लावलेलं नाही. पुसून पाहिलं, जात नाही, तर डाग कसा? कुणी पुसून बघायला तयार नाही."

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी तेल घालणारा माणूस. साहेबांपुढे मी काय बोलणार?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "आणि खरं सांगू? मलासुद्धा वाटलं होतं, लागलं असेल बोट. हिला तसं म्हटलं नाही मी कधी. पण तिला कळलं असणार. पुढे सहा महिन्यांत तर गेलीच."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि दिव्याचं बटण दाबलं. माझा डावा हात आपसूक वर गेला होता. बावीस वर्षं तो तसाच जातो. पण त्या दिवशी मी तिथं थोडा वेळ उभी राहिले.

*

पहाटे दिवा लावला. थोरलीचे आभार मानले आणि मग तिलाच विचारलं, काय करू गं? ओळ राखली तर तुझा हात राहतो, पण डाग तुझ्या नावावर राहतो. ओळ पुसली तर तू खरी ठरतेस, पण लेकीच्या हाती काही राहत नाही. आणि ती माझ्याशी बोलायची थांबली तर? आठ वर्षांची होती तेव्हा मी ते निभावलं. आता नाही निभावणार मला.

उत्तर कुणी देत नाही, हे मला माहीत आहे. पण दिवा त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर शांत झाला. मी लगेच फोन उचलला. हे म्हणाले, "आज रेडिओ लवकर लागला!"

"बाळा," मी लेकीला म्हटलं, "कामावर जायच्या आधी माझ्याकडे येऊन जा. मी पुसणार नाही. तू पूस."



"मी का म्हणून?"

"काल बाबांनी मला काही सांगितलं. तेही तुला सांगायचंय. आणि साहेबांनी जे तेव्हा केलं नाही ते कुणीतरी करायला हवं. पुसून बघायला हवं."

ती साडेआठला आली. मी तिला सगळं सांगितलं. साहेबांचं, ते हसणाऱ्यांचं, मॅडमच्या चित्रातल्या तुटलेल्या धारेचं. बाबांना काय वाटलं होतं तेसुद्धा सांगितलं. निघताना मी ह्यांना विचारलं होतं, सांगू का? ते म्हणाले होते, सांग, माझ्यानं व्हायचं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्याकडेही फिल्मवर डाग दिसला की आधी काच पुसून परत फोटो काढतात. डाग आहे की आजार, ते पुसल्याशिवाय कसं कळेल? एवढी साधी गोष्ट."

"साधीच."

"मावशी, काल मी..."

"हातमोजे घाल आधी," मी म्हटलं. "कापूस फार ओला नको. बाहेरून आत यायचं, घासायचं नाही. आणि ही बाजू. फक्त हीच बाजू."

तिनं डाव्या हातात कापूस घेतला. मी काच दोन्ही कडांनी धरून ठेवली, हलू नये म्हणून. धरण्याचं काम माझं, मला त्यातच बरं वाटत होतं.

तिनं आधी ओळ पुसली. "डाग नाही" गेलं. "पुसून पाहिलं" गेलं. "जात नाही" यापाशी ती थांबली, खांद्याला डोळे टिपले, आणि तेही गेलं. मग एकेक टिंब. शाई जुनी होती, पण स्पिरिटपुढे हटून बसली नाही. कापूस निळा होत गेला. तिनं दुसरा घेतला, मग तिसरा.

शेवटचं टिंब गेलं. काच साफ झाली.

रेघ तिथंच होती. शाई मध्ये नसल्यामुळे आता ती पूर्ण दिसत होती, दीर्घिकेच्या अंगापासून निघून, मोठं वळण घेऊन, काचेच्या पार कडेपर्यंत गेलेली. टिंब जिथं संपत होते त्याच्याही पुढे. थोरलीला दिसली होती त्यापेक्षा लांब.

लेकीनं त्यावरून पुन्हा एकदा कापूस फिरवला. हलक्या हातानं. मग आणखी एकदा.

"जात नाही, मावशी," ती म्हणाली.

"नाही जायची."

तरीही ती थोडा वेळ पुसत राहिली. मी तिला थांबवलं नाही. वरच्या झरोक्यातून आलेला उजेड हळूहळू टेबलाच्या पायापर्यंत आला होता. देवानं मला त्या खोलीत, त्या काचेशी, त्या दोघींच्या मध्ये आणून ठेवलं, यापरतं मी आणखी काय मागू, असं मला त्या वेळी वाटत होतं.

निळे बोळे तिनं फेकले नाहीत. औषधाची एक रिकामी डबी तिच्या खिशात होती, तीत ते भरले आणि झाकण घट्ट लावलं.

"आता नोंद," मी म्हटलं. पुसलेल्या प्रत्येक काचेची आमच्याकडे वहीत नोंद होते. अजूनही शाईच्या पेनानंच, ती टिकते म्हणून. "नंबर, तारीख, आणि शेवटी शेरा. तू लिही. मॅडमना मी सांगेन कुणी लिहिलं ते."

"शेऱ्यात काय लिहू?"

"जे बघितलंस ते."

ती वहीवर वाकली. डावा हात आखलेल्या रकान्यांवरून सरकू लागला. अक्षरं डावीकडे कललेली. "४१२. बोटाचा डाग नाही. पुसून पाहिलं. जात नाही." खाली तिनं आईचं नाव घातलं, मग स्वतःचं. आणि मग, मला न विचारता, माझं.

सही करून हात उचलला तर तळव्याची कड निळी झाली होती, आणि ओल्या ओळीवरून एक लांब फराटा पार समासापर्यंत गेला होता.

"अरे देवा," ती म्हणाली. "वही खराब केली मी. मावशी, कापूस दे."

मी स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावलं.